स्ट्रीम अडकते ती नेमकी कुठे? लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ वापरून पाहिल्यानंतर

गेमचे थेट प्रक्षेपण करण्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक तरुण मंडळी तयार टेम्प्लेट, रंगीत ओव्हरले आणि नवा सबस्क्रायबर आल्यावर वाजणारे अलर्ट यांवर भाळतात. मी मात्र त्याला एकच कसोटी लावते : स्ट्रीम अडखळू लागली की दोष कुठे आहे हे ते सॉफ्टवेअर सांगू शकते का? या कसोटीला ओबीएस स्टुडिओ पूर्ण उतरले, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. त्याच्यात उणिवाही आहेत आणि त्यांचाही उल्लेख पुढे येईलच.

ज्यांना हे नाव नवे असेल त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख करून देते. ओबीएस (ओपन ब्रॉडकास्टर सॉफ्टवेअर) हा मुक्त स्रोत प्रकल्प आहे. त्याची पहिली आवृत्ती ह्यू बेली यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली आणि नंतर तो संपूर्ण नव्याने लिहून ‘ओबीएस स्टुडिओ’ या नावाने पुढे आला. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही, चित्रावर कोणताही शिक्का उमटत नाही आणि वेळेची मर्यादाही नाही. २०२२ मधल्या २८ व्या आवृत्तीपासून विंडोज ७ व ८ यांचा तसेच ३२ बिट प्रणालींचा आधार मात्र बंद झाला आहे, त्यामुळे फारच जुना लॅपटॉप असेल तर ही गोष्ट आधी तपासून घ्यावी.

आमच्या घरी, म्हणजे इंदूरच्या रामबागेत, हे सॉफ्टवेअर आले ते माझ्या भाच्यामुळे. तो जीटीएक्स १६५० ग्राफिक्स आणि ८ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम खेळतो आणि मराठीत समालोचन करतो. बघणारे म्हणजे पुण्या-नागपूरची भावंडे आणि इथल्या कॉलेजातले मित्र. तक्रार अशी होती की त्याच्या स्वतःच्या पडद्यावर गेम अगदी सुरळीत चालत असे, पण बघणाऱ्यांना तो धक्के खात, मधूनच थिजत दिसे. “आत्या, माझ्याकडे तर काहीच अडकत नाहीये, मग त्यांनाच का अडकतंय?” असे तो वारंवार विचारी. शहरातल्या एका दुकानात लॅपटॉप दाखवला तेव्हा त्यांनी न उघडताच रॅम वाढवायला सांगितले. इंटरनेट पुरवणाऱ्यांना फोन केला तर त्यांनी महागडा प्लॅन पुढे केला. दोन्ही सल्ले काही परिस्थितींत योग्य ठरू शकतात, परंतु रोग कोणता हे पाहिल्याशिवाय दिलेले औषध म्हणून मला ते मान्य नव्हते.

ओबीएसच्या ‘डॉक्स’ मेनूत ‘स्टॅट्स’ नावाचा एक पर्याय आहे. तो निवडला की एक छोटीशी चौकट उघडते. तिच्यात प्रोसेसरचा वापर, मेमरी, डिस्कवरील शिल्लक जागा वगैरे नेहमीचे आकडे असतातच, पण खरे मोल आहे ते फ्रेम्सच्या, म्हणजे व्हिडिओतल्या एकेका चित्राच्या, तीन ओळींचे. पहिली ओळ रेंडरिंग लॅगमुळे हुकलेल्या फ्रेम्सची, दुसरी एन्कोडिंग लॅगमुळे वगळलेल्या फ्रेम्सची आणि तिसरी नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम्सची. बघणाऱ्याला तिन्ही प्रकार जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून तो सरसकट ‘लॅग आहे’ एवढेच कळवतो. प्रत्यक्षात पहिल्या प्रकारात ग्राफिक्स चिपला ओबीएसचे चित्र जुळवायला सवड मिळालेली नसते. दुसऱ्यात चित्र तयार असते, पण त्याचे व्हिडिओत संक्षेपण वेळेत होत नाही. तिसऱ्यात व्हिडिओही तयार असतो, पण तो घराबाहेर पडू शकत नाही. एकावरचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही आणि हे न कळल्यामुळेच लोक इंटरनेटवर, रॅमवर, नव्या लॅपटॉपवर पैसे घालवत बसतात. आकडे वाढू लागले की ते पिवळे, मग लाल होतात. खाली ‘रीसेट’चे बटण आहे. प्रत्येक बदलानंतर ते दाबून पाच-दहा मिनिटे खरा सामना खेळावा आणि मगच आकडा पाहावा, नाहीतर जुन्या चुकांचे आकडे नव्या बदलाच्या नावावर जमा होतात.

आमच्याकडे नेटवर्कची ओळ शून्यावर होती. एन्कोडिंगची ओळही जवळजवळ स्वच्छ होती. रेंडरिंग लॅगचा आकडा मात्र सामना सुरू होताच चढू लागला आणि धुराचे गोळे फुटण्याच्या क्षणी तर तो डोळ्यांदेखत उड्या मारू लागला. गेम त्याच्या पडद्यावर सुरळीत आणि बघणाऱ्यांना अडखळत, या कोड्याचे उत्तर तिथेच मिळाले. सेकंदाला ६० फ्रेम्स द्यायच्या तर ओबीएसला प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांच्या आत जुळवावी लागते. गेमला मात्र फ्रेम्सची कोणतीच मर्यादा घातलेली नव्हती. तो ग्राफिक्स चिपची सगळी ताकद ओढून घेई, विंडोजच्या टास्क मॅनेजरमधला जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स चिपचा, आलेख ९९ टक्क्यांना टेकलेला असे आणि ओबीएस रांगेत ताटकळत राही. पडद्यावर गेमला सेकंदाला १४० फ्रेम्स मिळत होत्या आणि त्याचीच किंमत बघणारे मोजत होते.

यावरचा इलाज विनामूल्य होता. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम्सची कमाल मर्यादा घातली, सावल्या आणि अँटी-अलायझिंग (चित्रातल्या कडा मऊ करणारे सेटिंग) खाली आणले आणि ओबीएस ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडायला सुरुवात केली. हा शेवटचा उपाय अनेकांना अंधश्रद्धेसारखा वाटतो, पण त्याला ठोस कारण आहे : तसे उघडल्यावर विंडोज ओबीएसला ग्राफिक्स चिपच्या वापरात वरचा अग्रक्रम देऊ शकते, त्यामुळे गेमने चिप व्यापली तरी ओबीएसची फ्रेम मागे पडत नाही. विंडोजचा ‘गेम मोड’ही सुरूच ठेवावा. एवढे केल्यावर रेंडरिंग लॅगचा आकडा रेंगाळला आणि जवळपास थांबला. जीपीयूच्या आलेखात थोडी मोकळी जागा दिसली पाहिजे, निदान दहाएक टक्के, ही खूणगाठ आम्ही तेव्हापासून बांधून ठेवली आहे.

लॅपटॉपवाल्यांनी डेस्कटॉपसाठी लिहिलेले सल्ले जसेच्या तसे घेऊ नयेत, कारण त्यांच्या यंत्रात बहुधा दोन ग्राफिक्स चिप्स असतात : प्रोसेसरमध्येच असलेली काटकसरी आणि वेगळी, दमदार. गेम दमदार चिपवर चालतो आणि ओबीएस मात्र विंडोजने काटकसरीवर बसवलेले असते, असे सर्रास घडते. मग फक्त गेमचे चित्र घेणारे ‘गेम कॅप्चर’ लावले की काळा पडदा दिसतो किंवा चित्र एका चिपवरून दुसरीवर वाहून नेण्यात वेळ जातो. विंडोजच्या सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ग्राफिक्स या वाटेने गेल्यास प्रत्येक प्रोग्रॅमला कोणती चिप द्यायची ते ठरवता येते. गेम कॅप्चर वापरायचे असेल तर ओबीएस आणि गेम दोन्ही एकाच, दमदार चिपवर हवेत. संपूर्ण पडदा दाखवणारे ‘डिस्प्ले कॅप्चर’ वापरायचे असेल तर बऱ्याच लॅपटॉपांवर उलटे करावे लागते, कारण पडद्याची जोडणी काटकसरी चिपशी असते. माझे मत स्पष्ट आहे : गेमसाठी गेम कॅप्चरच वापरावे. ते हलके असते आणि मधेच येणारे खासगी संदेशही प्रक्षेपणात जात नाहीत.

उष्णतेबाबत ओबीएस पूर्ण मुके आहे आणि ही त्याची मला सर्वांत जास्त खटकलेली उणीव आहे. स्टॅट्सच्या चौकटीत तापमानाची ओळच नाही. इंदुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, खोलीत पंखा गरम हवाच फिरवत असतो आणि अशा वेळी प्रोसेसर ९५ ते १०० अंशांपर्यंत तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्याची खूण ठरलेली असते : पहिली पंधरा-वीस मिनिटे स्ट्रीम उत्तम चालते आणि नंतर कोणतेही सेटिंग न बदलता आकडे चढू लागतात. वेळेनुसार बिघाड वाढत असेल तर सेटिंगमध्ये हात घालण्याआधी तापमान मोजणारा एखादा मोफत प्रोग्रॅम चालवून पाहावा. आमचा भाचा लॅपटॉप गादीवर ठेवून खेळत असे. खालच्या जाळ्या गादीत रुतल्यावर पंखा हवा ओढणार तरी कुठून? टेबलावर, मागची बाजू जरा उचलून ठेवला आणि जाणकाराकडून आतली धूळ काढून घेतली, तेव्हा पंख्याचा आवाजसुद्धा उतरला. चार्जर लावलेला असलाच पाहिजे, तोही मूळ क्षमतेचा. बॅटरीवर बहुतेक गेमिंग लॅपटॉप प्रोसेसर आणि ग्राफिक्स या दोघांचीही ताकद आवळतात, त्यामुळे बॅटरीवर घेतलेल्या चाचणीवरून कोणताच निष्कर्ष काढू नये.

एन्कोडिंग लॅगची गोष्ट तुलनेने सोपी आहे. ओबीएसमध्ये संक्षेपणाचे काम दोन प्रकारे होते. एक्स२६४ निवडले तर ते प्रोसेसर करतो, म्हणजे गेमलाही तोच लागतो आणि व्हिडिओलाही तोच. एनव्हिडियाचे एनव्हेंक, इंटेलचे क्विक सिंक किंवा एएमडीचा एन्कोडर निवडला तर हे काम ग्राफिक्स चिपमधल्या वेगळ्या, खास त्यासाठीच बनवलेल्या भागाकडे जाते. लॅपटॉपवर हाच दुसरा मार्ग धरावा, असे मी ठामपणे सांगेन. जीटीएक्स १६५० मधला एनव्हेंक जुन्या पिढीचा असला तरी ७२०पीच्या, म्हणजे १२८० × ७२० पिक्सेलच्या, स्ट्रीमला तो पुरून उरतो. एमएक्स१५० किंवा एमएक्स२५० सारख्या चिप्समध्ये मात्र एनव्हेंक मुळातच नाही. असे लॅपटॉप असणाऱ्यांनी यादीत नाव दिसत नाही म्हणून ड्रायव्हर पुन्हापुन्हा टाकत बसू नये. त्यांच्या इंटेल प्रोसेसरमध्ये क्विक सिंक असण्याची दाट शक्यता असते, ते वापरावे. एक्स२६४ शिवाय गत्यंतरच नसेल तर ‘व्हेरीफास्ट’ हा मूळ प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) ठेवावा किंवा ‘सुपरफास्ट’ करावा. नावातला वेग वाढला की प्रोसेसरवरचा भार कमी होतो आणि चित्राचा दर्जा थोडा उतरतो. एनव्हेंक वापरताना चिपवर ताण असेल तर ‘लुक-अहेड’ आणि ‘सायको व्हिज्युअल ट्यूनिंग’ या खुणा काढून टाकाव्यात, कारण ही दोन कामे खास एन्कोडरच्या भागात न होता गेमच्या वाट्याच्या भागातून शक्ती घेतात.

इथे एक सापळा आहे. स्टॅट्समध्ये दिसणारा प्रोसेसरचा आकडा फक्त ओबीएसच्या स्वतःच्या वापराचा असतो. तिथे ४ टक्के दिसले म्हणून प्रोसेसर मोकळा आहे असे मानले तर दिशाभूल होते, कारण त्याच वेळी गेम, ब्राउझर आणि चॅट मिळून एकूण वापर ९५ टक्क्यांवर असू शकतो. त्यासाठी टास्क मॅनेजर शेजारी उघडाच ठेवावा लागतो. तिथल्या ग्राफिक्सच्या पानावर व्हिडिओ एन्कोडचा वेगळा आलेखही दिसतो, त्यावरून खास एन्कोडर खरोखर काम करतो आहे की नाही याची खात्री होते.

१०८०पी आणि ६० फ्रेम्स हा आकडा मुलांच्या मनात प्रतिष्ठेचा होऊन बसला आहे. हिशेब मांडून पाहावा. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात, ७२०पीच्या फ्रेममध्ये ९,२१,६००. म्हणजे आकारानेच काम सव्वादोन पटींनी वाढते आणि ३० ऐवजी ६० फ्रेम्स घेतल्या की ते साडेचार पट होते. गोळीबाराच्या वेगवान खेळात ६० फ्रेम्सना महत्त्व आहे, म्हणून भाच्याने फ्रेम्स तशाच ठेवल्या आणि ‘आउटपुट रिझोल्यूशन’ ७२०पी केले. बुद्धिबळ किंवा शेती-गावाचे संथ खेळ दाखवणाऱ्याने याच्या उलट, फ्रेम्स ३० करून आकार मोठा ठेवावा, म्हणजे अक्षरे ठळक दिसतात. मोबाइलवर बघणाऱ्याला स्वच्छ ७२०पी आणि तुटणारे १०८०पी यांत कोणते हवे असेल, हे वेगळे सांगायला नको.

आमचा दोष नेटवर्कचा नसला तरी भाच्याचा सुदामा नगरातला मित्र याच ओळीने त्रस्त होता, त्यामुळे तीही बाजू जवळून पाहता आली. इंटरनेटच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो डाउनलोडचा वेग, स्ट्रीमला लागतो अपलोडचा. शिवाय सरासरी वेगापेक्षा त्यातले सातत्य महत्त्वाचे, कारण वेगमापक चाचणी काही सेकंदांची असते आणि स्ट्रीम दोन-दोन तासांची. चाचणीत दिसलेल्या अपलोड वेगाच्या निम्म्या ते दोन तृतीयांशापर्यंतच बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) ठेवावा, उरलेला वाव घरातल्या इतर मोबाइलांसाठी सोडावा. ७२०पी आणि ६० फ्रेम्ससाठी ट्विच या प्रक्षेपणाच्या संकेतस्थळाची शिफारस सेकंदाला ४,५०० किलोबिटची आहे आणि तेवढ्याच फ्रेम्सच्या १०८०पीसाठी ६,००० ची. ४,५०० किलोबिटने तासाला सुमारे २ जीबी डेटा बाहेर जातो, हे मोबाइल हॉटस्पॉट वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. त्या मित्राच्या घरी राउटर खालच्या मजल्यावर आणि लॅपटॉप वर, मधे जुन्या पद्धतीची जाड भिंत. वायफायचे दांडे पूर्ण दिसत, तरीही फ्रेम्स गळत. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून आणलेली लॅनची वायर जिन्याच्या कडेने वर नेली आणि तिसरी ओळ हिरमुसल्यासारखी शून्यावर बसून राहिली. वायर नेणे शक्यच नसेल तर निदान २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झचा बँड घ्यावा आणि ॲडव्हान्स्ड सेटिंगमधला बिटरेट आपोआप कमी-जास्त करण्याचा पर्याय सुरू करावा. त्याने चित्र काही वेळ धूसर होते, पण तुटत नाही. शंका राहिलीच तर त्याच सेटिंगवर स्ट्रीम न करता नुसते रेकॉर्डिंग करावे. रेकॉर्डिंग सुरळीत आणि स्ट्रीम अडखळत, असे दिसले की दोष बहुधा लॅपटॉपात नसून नेटवर्कच्या वाटेवर आहे.

तिन्ही ओळी स्वच्छ असूनही एखादाच प्रेक्षक तक्रार करत असेल तर ओबीएसला काही विचारण्यात अर्थ नाही. यूट्यूबवर विलंबाचे तीन पर्याय असतात आणि अतिकमी विलंब निवडला की बघणाऱ्याकडे आगाऊ साठवलेला व्हिडिओ फारच थोडा उरतो, त्यामुळे कमकुवत मोबाइल नेटवर व्हिडिओ थांबत राहतो. गप्पा फार महत्त्वाच्या नसतील तर नेहमीचा विलंबच बरा. ट्विचवर नवख्या वाहिन्यांना लहान आकाराचे पर्याय मिळतीलच याची हमी नसते, तेव्हा तुम्ही पाठवाल तोच जड प्रवाह सगळ्यांना घ्यावा लागतो. लहान प्रेक्षकवर्ग असलेल्याने म्हणूनही बिटरेट आवरता ठेवावा.

तक्रारींकडे येते. स्टॅट्ससारखी मोलाची गोष्ट मेनूत दडवून ठेवली आहे. नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी दिसायला हवी. चौकटीतल्या संज्ञांना एक ओळीचेही स्पष्टीकरण नाही. ‘टूल्स’मधला आपोआप सेटिंग ठरवणारा विझार्ड उपयुक्त असला तरी त्याची चाचणी होते तेव्हा गेम बंद असतो, त्यामुळे तो लॅपटॉपची कुवत जरा वाढवूनच सांगतो. अलर्टसाठी लावलेले प्रत्येक ब्राउझर सोर्स म्हणजे आत चालणारे एक वेबपान असते. ते न दिसतानाही शक्ती खाते आणि ‘न दिसल्यास बंद करा’ ही खूण प्रत्येकावर स्वतंत्रपणे करावी लागते. वेबकॅमचे तर निदान या चौकटीत होतच नाही : फक्त चेहऱ्याचाच चौकोन अडखळत असेल तर दोष बहुधा खोलीतल्या अपुऱ्या उजेडाचा असतो, कारण अंधारात कॅमेरा प्रकाश जास्त वेळ घेतो आणि फ्रेम्स कमी करतो. भाच्याच्या टेबलावर एक दिवा समोरून लावला आणि तो चौकोन सरळ झाला.

या सगळ्यावर मात करणारी एक सोय मात्र ओबीएसने दिली आहे. ‘हेल्प’ मेनूतून त्या दिवशीच्या सत्राची लॉग फाइल अपलोड करता येते आणि त्यांच्याच संकेतस्थळावरचा ॲनालायझर ती वाचून कोणत्या प्रकारच्या फ्रेम्स किती टक्के गेल्या, ओबीएस कोणत्या चिपवर चालत होते, गेम मोड सुरू होता की नाही, हे गंभीर आणि किरकोळ अशी वर्गवारी करून दाखवतो. स्ट्रीम थांबवल्यानंतरची फाइल द्यावी, कारण फ्रेम्सचे एकूण आकडे प्रक्षेपण संपतानाच तिच्यात लिहिले जातात. दुकानात लॅपटॉप न्यायचीच वेळ आली तर हा अहवाल मोबाइलमध्ये घेऊन जावा आणि दुरुस्ती सांगणाऱ्याला त्यातली नेमकी कोणती ओळ त्याच्या उपायाने सुधारेल, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.